वही, हजेरीपट आणि लहान दुकानदार : मुंबई इलाखा ते महाराष्ट्र

प्रस्तावना

लहान दुकानदाराच्या गादीजवळ दोन प्रकारचे दप्तर आढळते. एक तो स्वतःसाठी लिहितो : कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, गल्ल्यात शिल्लक काय. दुसरे तो सरकारसाठी ठेवतो : विक्रीची विवरणे, करभरण्याची चलने, नोकरांची हजेरी, पगारपत्रक, साप्ताहिक सुट्टीची सूचना. पहिल्या दप्तराचा इतिहास अर्थशास्त्राच्या आणि व्यापारी समाजांच्या अभ्यासकांनी बऱ्यापैकी हाताळला आहे. दुसऱ्याकडे मात्र कारकुनी बाब म्हणून दुर्लक्ष झाले. करविषयक नोंदी आणि नोकरविषयक नोंदी यांचा एकत्र विचार तर क्वचितच होतो. एक विषय वाणिज्य शाखेचा आणि दुसरा कामगार कायद्याचा अशी त्यांची वाटणी झाली आहे.

प्रस्तुत लेखात मुंबई इलाखा व त्यानंतरचे महाराष्ट्र राज्य या क्षेत्रापुरता या दोन्ही नोंदींचा एकत्र मागोवा घेतला आहे. शासनाने लहान व्यावसायिकाला आधी वही ठेवावयास लावले आणि पुढे वही ठेवण्यापासून सूट दिली, हा क्रम दोन्ही बाबतींत सारखाच दिसतो. परंतु करवहीतील सूट आणि हजेरीपटातील सूट यांचे परिणाम सारखे नाहीत. करवहीची सूट घेणारा मनुष्य स्वतःचा पुरावा सोडतो, तर हजेरीपटाची सूट घेणारा दुसऱ्याचा पुरावा नाहीसा करतो. दोन्ही सवलती ‘व्यवसायसुलभता’ या एकाच नावाखाली आल्यामुळे हा भेद झाकला गेला आहे.

स्वतःसाठी लिहिलेली वही

कायद्याने हिशेब मागण्याच्या पुष्कळ आधीपासून या प्रदेशातील व्यापारी हिशेब लिहीत होते. लांब कागदाला घड्या घालून पाडलेले सळ, डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस नावे, दररोजची कीर्द आणि तीवरून उतरविलेली खतावणी ही देशी नाम्याची पद्धत होती. मराठी व्यापारी मोडीत लिहीत, गुजराती आपल्या लिपीत आणि मारवाडी मुडियात. घाईच्या नोंदींसाठी कच्चा खर्डा असे आणि त्यावरून पक्की वही तयार होई. ‘कच्ची’ या शब्दाला पुढे जो वाईट वास आला, तो करखात्याच्या काळातला. मूळ अर्थ केवळ ‘अद्याप न उतरविलेली’ इतकाच होता.

ही वही मालकाची खाजगी वस्तू असली तरी तिच्यात नोंद मात्र इतरांची असे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३४ व्या कलमाने या वस्तुस्थितीची दखल घेतली. व्यवसायाच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद न्यायालयात ग्राह्य धरली जाईल, परंतु केवळ तेवढ्या नोंदीवरून कोणावरही दायित्व लादता येणार नाही, असे या कलमाने ठरविले. लिहिणारा एक आणि ज्याच्या नावे लिहिले जाते तो दुसरा असेल, तर लेखणी धरणाऱ्याच्या शब्दाला आपोआप अधिक वजन मिळू नये, हा त्यामागील विचार होता. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम राहिले आहे.

कलम कागदावर आले तरी गावातील परिस्थिती वेगळी होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला आणि हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या सावकारांपैकी बरेच जण धान्य-कापडाचे दुकानदारही होते. जमावाचा रोख कर्जरोखे व वह्या यांवर होता. पुष्कळ ठिकाणी कागद हाती येताच माणसांना फारसा उपद्रव न देता जमाव परतला. अक्षर न वाचता येणाऱ्या ऋणकोने वही जाळली, कारण त्याच्या दृष्टीने कर्ज त्या वहीतच राहत होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्यक कायद्याने यावर जो उपाय केला तो लक्षणीय आहे. वही बंद न करता धनकोने ऋणकोस पावती द्यावी, वार्षिक हिशेब द्यावा आणि मागणी केल्यास पासबुकात तो उतरवून द्यावा, असे बंधन घालण्यात आले. थोडक्यात, नोंदीची एक प्रत, जिच्याविषयी नोंद आहे तिच्याच हाती असावी, हे तत्त्व या प्रदेशात कामगार कायद्यांच्या कितीतरी आधी मान्य झाले होते.

अंदाजाचा कर

१८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये प्राप्तिकर आणला. वार्षिक २०० ते ५०० रुपयांच्या उत्पन्नावर शेकडा २ आणि त्यापुढे शेकडा ४ असा दर होता. इतक्या खालच्या पातळीवरील उत्पन्नाचा हिशेब तपासण्याची यंत्रणा मात्र नव्हती. १८६५ मध्ये हा कर बंद झाला. पुढे परवाना कर, दाखला कर, पुन्हा प्राप्तिकर अशी धरसोड चालू राहिली. १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात परवाना कर लागू होताच, त्या वेळी याच इलाख्यात असलेल्या सुरत शहरात एप्रिल महिन्यात दुकानदारांनी दुकाने बंद ठेवली आणि प्रकरण दंगलीपर्यंत गेले. तेथील रोष केवळ रकमेवर नव्हता. उत्पन्न ठरविणारा परका मनुष्य कोणत्या आधाराने ते ठरवितो, हाही प्रश्न होता.

१८८६ चा प्राप्तिकर कायदा टिकला. शेतीचे उत्पन्न वगळून ५०० रुपयांपासून पुढे कर होता. लहान करदात्यांकडून वह्या मागविण्याच्या भानगडीत तो पडला नाही. २००० रुपयांखालील उत्पन्नाच्या व्यापाऱ्यांची यादी कलेक्टरने आपल्या माहितीवरून करावयाची आणि ज्याला ती मान्य नसेल त्याने हरकत घ्यावयाची, अशी रीत होती. दुकानाची जागा, मालाचा साठा, घरातील लग्नाचा थाट आणि शेजाऱ्यांचे बोलणे यांवरून उत्पन्न ठरे. वही दाखविणे हे दुकानदाराचे कर्तव्य नसून अंदाज खोडून काढण्याचे साधन होते, आणि अनेकांना वही दाखविण्यापेक्षा अंदाज परवडत असे.

१९२२ च्या कायद्याने हा संबंध उलटा केला. करदात्याने नियमितपणे अवलंबिलेल्या हिशेबपद्धतीप्रमाणेच उत्पन्न मोजावे, असे त्याच्या १३ व्या कलमाने सांगितले. कोणती पद्धत ठेवावी याचे बंधन नव्हते, त्यामुळे देशी नाम्याची वहीही तितकीच मान्य होती. परंतु पद्धतच नसेल, किंवा तीवरून उत्पन्न नीट कळत नसेल, तर अधिकारी आपला आधार निवडण्यास मोकळा होता. विवरण न देणाऱ्यावर किंवा मागितलेल्या वह्या हजर न करणाऱ्यावर ‘सर्वोत्तम निर्णयानुसार’ आकारणी होई. अशा आकारणीची मर्यादा ठरविणारा निवाडा वऱ्हाडातील एका दुकानाच्या प्रकरणात झाला. अकोल्याच्या ‘बद्रीदास रामराय’ या दुकानाच्या १९३७ मधील खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असे म्हटले की, अधिकाऱ्याने द्वेषाने किंवा लहरीने वागू नये. मागील विवरणे, स्थानिक माहिती आणि करदात्याचा बाजारातील लौकिक लक्षात घेऊन त्याने योग्य वाटेल तो आकडा ठरवावा. यात काही अंश तर्काचा असणारच, पण तो तर्क प्रामाणिक असावा. स्वातंत्र्यानंतर विक्रीकराच्या प्रकरणांतही सर्वोच्च न्यायालयाने याच निवाड्याचा आधार घेतला. लंडनमध्ये ठरलेले हे सूत्र अकोल्याच्या पेठेतील एका दुकानाच्या दप्तरावरून आले, हे करकायदा शिकविणाऱ्या वर्गांत सहसा सांगितले जात नाही.

१९२२ च्या कायद्याने व्यापाऱ्याचे वर्षही मान्य केले होते. ज्याच्या वह्या ३१ मार्चला बंद होत नसत, त्याला आपले हिशेबी वर्षच ‘मागील वर्ष’ म्हणून धरता येई. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला वही उघडणारा दुकानदार दिवाळी ते दिवाळी असा हिशेब देई आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पूजिलेली तीच वही आयकर कार्यालयात जाई. ही मुभा १९८७ च्या दुरुस्तीने संपली. १ एप्रिल १९८९ पासून सर्वांसाठी एकच आर्थिक वर्ष लागू झाले. दिवाळीचे वर्ष पाळणाऱ्यांना संक्रमणासाठी १९८७ च्या दिवाळीपासून ३१ मार्च १९८९ पर्यंत सुमारे सतरा महिन्यांचे एकच वर्ष धरावे लागले. त्यानंतरही वहीपूजन चालू राहिले, मात्र पूजेची वही आणि कराची वही एक राहिली नाही.

गुमास्त्याचे नाव दप्तरात

कराच्या बाबतीत वही कोणाची हा प्रश्न सोपा होता. नोकराच्या बाबतीत तो सोपा नव्हता. गिरण्यांतील कामगारांसाठी कारखाना कायदे एकोणिसाव्या शतकातच झाले, पण दुकानातील नोकर त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. मालकाच्या घरी जेवणारा, दुकानातच झोपणारा, गावाकडून ओळखीने आलेला हा मुलगा नोकर आहे की आश्रित, हेच स्पष्ट नव्हते. बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात झालेला १९३९ चा मुंबई दुकाने व संस्था कायदा हा या प्रकारचा देशातील पहिला कायदा मानला जातो. १९४० च्या नोव्हेंबरात तो अमलात आला आणि १९४८ मध्ये त्याच्या जागी अधिक व्यापक कायदा झाला. दुकानाची नोंदणी, उघडण्या-मिटण्याच्या वेळा, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजा आणि या सर्वांच्या नोंदी त्याने आवश्यक केल्या. अंमलबजावणी स्थानिक संस्थांकडे असल्याने मुंबईत महानगरपालिकेचा निरीक्षक दुकानोदुकानी फिरू लागला.

मुंबईच्या बाजारात या नोंदणीला ‘गुमास्ता लायसन’ हे नाव पडले. इतरत्र ‘शॉप अ‍ॅक्ट’. नोकराच्या रक्षणासाठी काढलेला हा दाखला पुढे मालकाच्या कामाचा झाला, हा या इतिहासातील एक विलक्षण भाग आहे. बँकेत चालू खाते उघडणे, कर्ज मिळविणे, वीजजोडणी घेणे यांसाठी ‘गुमास्ता’ मागितला जाऊ लागला. ज्यांच्याकडे एकही गुमास्ता नाही असे व्यावसायिकही तो काढीत. दाखला भिंतीवर काचेत राहिला. हजेरीपट मात्र निरीक्षक येण्याच्या आदल्या रात्री एकाच शाईने भरला जाण्याची रीत बाजारात सर्वश्रुत होती.

१९४८ च्या कायद्यात मालकाच्या कुटुंबातील व्यक्तीचा ‘कर्मचारी’ या संज्ञेत समावेश नव्हता. दुकान घरच्यांनी चालविणे ही येथील सर्वसाधारण रीत असल्याने हा अपवाद योग्यच होता. पण पुतण्या, भाचा, गाववाला आणि नोकर यांतील सीमारेषा जेथे मुळातच पुसट, तेथे हा अपवाद किती ताणला जाईल हे निरीक्षकाच्या चिकाटीवर अवलंबून राहिले. त्याच वर्षीच्या किमान वेतन कायद्याने हजेरी व वेतनाच्या स्वतंत्र नोंदवह्या आणल्या. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याची मर्यादा आरंभी पन्नास कामगारांची होती, ती १९६० मध्ये वीसवर आली. अशा प्रत्येक मर्यादेने तिच्या अलीकडे थांबण्याचा मोह निर्माण केला. विसावा माणूस कागदावर न येण्यातच सोय होती.

या कोंडीतून वेगळी वाट काढणारा कायदा महाराष्ट्रातच झाला. धान्य, किराणा, कापड अशा बाजारांतील हमाल एका दिवसात अनेक व्यापाऱ्यांचे ओझे वाहतो. त्याचे नाव कोणाच्या हजेरीपटात घालावे? अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या लढ्यानंतर संमत झालेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने हा हजेरीपटच मालकाकडून काढून त्रिपक्षीय मंडळाकडे दिला. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करावी, मजुरीबरोबर ठराविक लेव्ही भरावी. मंडळाने कामगाराची नोंद ठेवावी, मजुरी द्यावी आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा व बोनसची सोय करावी, अशी रचना झाली. तीत पुढे दोष शिरले आणि काही ठिकाणी माथाडीच्या नावाने खंडणीच्या तक्रारीही झाल्या. तरीही ज्याच्या हिताची नोंद, ती त्याच्या प्रतिपक्षाच्या लेखणीवर अवलंबून असू नये, हे तत्त्व या कायद्याइतके स्पष्टपणे अन्यत्र उतरलेले नाही. १८७९ च्या पासबुकाशी त्याचे नाते जवळचे आहे.

सवलतींचा काळ

१९७६ पासून आयकर कायद्याच्या ‘४४ एए’ कलमाने विशिष्ट मर्यादेपुढील व्यावसायिकांना हिशेबवह्या ठेवणे सक्तीचे केले आणि १९८४ मध्ये मोठ्या उलाढालीसाठी करलेखापरीक्षण आले. इतके झाल्यावर काही वर्षांतच परतीचा प्रवास सुरू झाला. १९९२ च्या वित्त कायद्याने ५ लाखांपर्यंत उलाढालीच्या किरकोळ विक्रेत्यांना वार्षिक १४०० रुपये भरून मोकळे होण्याची योजना दिली. ती फार चालली नाही. १९९७ मध्ये ४० लाखांपर्यंतच्या किरकोळ व्यापारासाठी उलाढालीच्या ५ टक्के उत्पन्न गृहीत धरण्याची तरतूद झाली. २००९ च्या दुरुस्तीने ती ८ टक्के दराने इतर बहुतेक लहान व्यवसायांपर्यंत नेली. उलाढालीची मर्यादा पुढे २ कोटींपर्यंत आणि रोखीचा वाटा अत्यल्प असेल तर ३ कोटींपर्यंत वाढली. १८८६ चा अंदाज येथे परत आला असे म्हणता येईल. फरक इतकाच की आकडा कलेक्टरच्या मनातून न येता कायद्यातून आला.

नोंदींचा व्याप हा व्यापाऱ्यांच्या रोषाचा खरा विषय कसा असतो, हे २०१३ मधील स्थानिक संस्था कराच्या आंदोलनात दिसले. जकात नाक्यावर वसूल होई आणि तिच्यासाठी दुकानात वही लागत नसे. तिच्या जागी आलेला कर हिशेबावर आधारित होता. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून केलेल्या विरोधात नव्या नोंदी आणि महापालिकेच्या अधिकाऱ्यांची तपासणी हे मुद्दे पुढे होते. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना हा कर माफ झाला.

२०१७ च्या वस्तू व सेवा कराने मात्र लहान दुकानदाराला अपरिचित अशा स्थितीत आणून ठेवले. बहात्तर महिने दप्तर जपणे हा त्यातील सोपा भाग. जानेवारी २०२२ पासून, पुरवठादाराने आपल्या विवरणात बिल दाखविलेले नसेल तर खरेदीदाराला भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली. माल घेतला, पैसे दिले, बिल फाईलमध्ये आहे. तरीही हक्क सिद्ध होतो तो दुसऱ्याने केलेल्या नोंदीवर. व्यापारी संघटनांनी हा अन्याय असल्याचे वारंवार मांडले आणि त्यात तथ्य आहे. त्याच दुकानातील नोकर मात्र याच स्थितीत कितीतरी पिढ्या उभा होता.

नोकरविषयक नोंदींच्या सवलतींचा आरंभ १९८८ च्या केंद्रीय कायद्याने झाला. एकोणीसपर्यंत माणसे असणाऱ्या आस्थापनांना अनेक विवरणे व नोंदवह्यांऐवजी मोजके नमुने पुरेसे ठरले. २०१४ मध्ये ही मर्यादा चाळीसपर्यंत गेली, आणि फेब्रुवारी २०१७ च्या नियमांनी नऊ केंद्रीय कायद्यांखालील ५६ नोंदवह्या व नमुने ५ वर आणले. तेच तेच नाव छप्पन्न ठिकाणी लिहिण्यात कोणाचेच हित नव्हते, त्यामुळे येथवरची काटछाट समर्थनीय आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लागू झालेल्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याचे पाऊल मात्र वेगळ्या जातीचे होते. दहापेक्षा कमी कामगार असणाऱ्या दुकानाने केवळ सूचना द्यावी. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजा आणि नोंदवह्या यांच्या तरतुदी त्याला लागूच राहिल्या नाहीत. १९३९ पासून ज्यांच्यासाठी हा कायदा होता त्या पेठेतील बहुसंख्य दुकानांचे नोकर त्याच्या बाहेर गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये ही मर्यादा दहावरून वीसपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला.

नोंद नसण्याची किंमत न्यायालयात कळते. एका वर्षात २४० दिवस काम केल्याचे सिद्ध झाल्यास कामगाराला कपातीविरुद्ध संरक्षण मिळते. ते सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे आणि त्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र त्यासाठी पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कर्नाटकातील वनखात्याच्या एका प्रकरणात ठरविले. वेतनाची पावती नाही, नेमणुकीचा आदेश नाही, असे निरीक्षण त्या निवाड्यात आहे. पुढे २००५ मध्ये त्याच न्यायालयाने वास्तव अधिक जवळून पाहिले. रोजंदारीवरील माणसाकडे नेमणूकपत्र किंवा पावती बहुधा नसतेच. तो फार तर मालकाला हजेरीपट व वेतनपत्रक हजर करावयास सांगू शकतो. मालकाने ते दडविल्यास प्रतिकूल अनुमान काढावयाचे की नाही हे त्या प्रकरणातील परिस्थितीवर अवलंबून राहील, असे त्यात म्हटले. दोन्ही प्रकरणे शासकीय खात्यांची होती, जेथे हजेरीपट निदान असावयास हवा होता. तो ठेवण्याचे बंधनच नसलेल्या दुकानातील नोकराने काय हजर करावयास सांगावे, हा प्रश्न त्यांत उद्भवला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळणार, असा त्यांचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात नेमणूकपत्राची तरतूद व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आहे आणि त्या संहितेतील ‘आस्थापना’ साधारणतः दहा किंवा अधिक कामगारांची आहे. वेतन संहिता मात्र दुकानाच्या आकाराचा विचार करीत नाही. दोन नोकर असलेल्या दुकानदारानेही हजेरी व वेतनाची नोंदवही ठेवावी, वेतनचिठ्ठी द्यावी, असे तिचे ५० वे कलम सांगते. ५९ व्या कलमानुसार थकीत वेतनाचा दावा आल्यास, वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. १९२२ पासून करदात्यावर असलेला पुराव्याचा भार येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे वेतनाच्या बाबतीतही मालकाच्या बाजूला आला. पण हे कलम कामी येण्यापूर्वी त्या दुकानात आपण नोकरीला होतो एवढे तरी त्या मुलाला दाखवावे लागते. नेमणूकपत्र त्याला मिळालेले नसते, आणि ज्या वहीत त्याचे नाव असावयाचे ती मालकाच्या गादीखाली असते.